वळकटीपासून सात किलोपर्यंत

स्मरणिका समितीची मंडळी घरी आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही इतिहासाच्या. सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास तुम्हीच लिहा." मी हो म्हटलं आणि फाइल काढून बसले. नोंदणी, पहिली कार्यकारिणी, बोअरला दोनदा लागलेला कोरडा दगड, लिफ्टचा वाद, पार्किंगचा वाद, पुन्हा लिफ्टचा वाद. हे सगळं सचिवांच्या अहवालात येणारच आहे. तेच मी पुन्हा लिहून तुमचा वेळ का घ्यावा?

तीस वर्षं शाळेत शिकवताना मी मुलांना सांगत आले की इतिहास तहाच्या कलमांत असतो तितकाच तो घरातल्या वस्तूंत असतो. म्हणून मी एक वस्तू निवडली आहे. वॉचमनच्या केबिनमध्ये, मोटारीच्या स्विचच्या वर, खिळ्याला टांगलेला सामान तोलायचा काटा. नव्याने राहायला आलेल्यांना तो रद्दीवाल्याचा वाटतो. तसा तो नाही. तो सोसायटीच्या मालकीचा आहे, आणि २०११ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत 'ऐनवेळचे विषय' या सदरात त्याच्या खरेदीचा ठराव रीतसर मंजूर झालेला आहे. सूचक मी, अनुमोदक ब-४. एका सभासदाने विरोध नोंदवला होता की सोसायटीचा पैसा विमानाने फिरणाऱ्यांच्या चैनीसाठी वापरू नये. त्याच सभासदाने पुढे तो काटा सगळ्यांत जास्त वेळा नेला, हे कौतुकाने नोंदवते. त्यांच्या दोन्ही मुली आता कॅनडात आहेत.

पण काट्यापर्यंत यायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

माझे वडील एस.टी.त वाहक होते. एस.टी.चा आणि आपल्या गावाचा संबंध नगरकरांना नव्याने सांगायला नको, पण नातवंडांसाठी सांगते. राज्यातली पहिली एस.टी. १ जून १९४८ ला धावली ती पुणे ते अहमदनगर. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. ती गाडी आपल्या माळीवाड्यात येऊन थांबली. वडील त्या गाडीवर नव्हते, ते नंतर लागले, पण त्या गाडीची गोष्ट ते अशी सांगत की जणू घंटी यांनीच मारली होती. इतिहासाच्या पुस्तकात शेजारी शेजारी कधी येत नाही अशी एक गंमत आहे. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, ८ जून १९४८ ला, एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' नावाचं विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. आपल्या देशाच्या विमान कंपनीचं ते पहिलं परदेशी उड्डाण. नगरला एस.टी. आली त्याच्या पुढच्याच आठवड्यात मुंबईहून लंडनला विमान गेलं. आमच्या घराला त्या एस.टी.तून उतरून विमानात चढायला साठ वर्षं लागली. सोसायटीतल्या बहुतेक घरांचं असंच आहे.

एस.टी.च्या सामानाचं शास्त्र वेगळं होतं. गाडीच्या मागे लोखंडी शिडी आणि वर टप. टपावर पोती, सायकली, कोंबड्यांची खुराडी, लग्नाच्या मोसमात रुखवताची भांडी. वजन कोण विचारतो? विचारायचे ते नग. वडील आम्हाला घेऊन मामाकडे निघाले की दर स्टँडवर म्हणायचे, "नग मोजा." एक ट्रंक, एक वळकटी, एक पिशवी, एक फिरकीचा तांब्या. चार नग. माणसं नंतर मोजायचे. रेल्वेचंही तेच. दौंड-मनमाड लाईन १८७८ सालची, म्हणजे नगरला रेल्वे येऊन दीडशे वर्षं होत आली, पण लांब कुठे जायचं तर दौंडला नाही तर मनमाडला गाडी बदलणं ठरलेलं. रात्री दोन वाजता फलाट बदलताना अर्धवट झोपेतली पोरं आणि नग मोजणारे वडील, हे चित्र आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असेल. रेल्वेत फुकट सामानाला मर्यादा आहे, साध्या दुसऱ्या वर्गाला ३५ किलो आणि स्लीपरला ४०. मी आयुष्यात एकदाही आमचं सामान रेल्वेत तोललेलं पाहिलं नाही. सामान वजनाने मोजायचं असतं हे आम्हाला विमानाने शिकवलं. एवढ्या एका बदलाने घराघरांतली सामान भरायची रीत पार उलटीपालटी झाली, आणि माझ्या लेखाचा विषय तोच आहे.

आमच्या घरी दोन ट्रंका होत्या. एक आईच्या लग्नातली, फुलं रंगवलेली. दुसरी काळी, भिंगारहून एका फौजी शेजाऱ्याने बदली होऊन जाताना दिलेली. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव, हुद्दा आणि नंबर होता. वडिलांनी तो कधी पुसला नाही, त्यामुळे मी डी.एड.ला वसतिगृहात गेले तेव्हा पहिला महिनाभर पोरी मला सुभेदाराची मुलगी समजत होत्या. लष्कराचं गाव असल्याने नगरच्या कितीतरी घरांत अशा काळ्या पेट्या असतील. नुसती रिकामी ट्रंक उचलताना हात भरून यायचा. आता हिशेब केला तर लक्षात येतं की आजच्या विमानात ती पेटी नुसती ठेवली तरी हातातल्या सामानाची मर्यादा संपली असती, वर आत एक रुमालही नको.

सामान थोडकं ठेवण्याची सक्ती झालेली माणसं या जिल्ह्यात आधीही होतीच. आपल्या किल्ल्यात ९ ऑगस्ट १९४२ ला बारा पुढारी आणून ठेवले. नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव वगैरे. पहाटे अटक, लगेच मुंबईहून खास गाडीने नगर. सामानाची यादी करत बसायला सवड कुठली? येताना काय आणलं यापेक्षा जाताना काय नेलं ते जास्त महत्त्वाचं. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत नेहरूंनी तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हाताने, सुमारे हजार पानं. वर्गात हे सांगताना मला कधी सुचलं नव्हतं, पण परवा काटा हातात असताना सुचलं. आजचा आपला झेरॉक्सचा कागद पाच ग्रॅमचा असतो. हजार कागद म्हणजे पाच किलो. केबिन बॅगेत बसलं असतं पुस्तक, वर दोन कपड्यांचे जोड.

आणि दुसरे आपले ऊसतोड कामगार. सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ आपल्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला रोवली गेली याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. पण माझी पहिली बारा वर्षांची नोकरी पाथर्डी तालुक्यात झाली. दिवाळी संपली की वर्गातली निम्मी बाकं रिकामी. सहा महिन्यांचं घर एका बैलगाडीत भरून माणसं तोडीला निघायची. बाजरीचं पीठ, तवा, परात, दोन पातेली, कोयते, ताडपत्री, वाकळा, वर बांधलेली शेळी आणि शेळीशेजारी माझा विद्यार्थी. काय न्यायचं नाही हे त्या बायकांना जितकं कळायचं तितकं यूट्यूबवर सामान भरायला शिकवणाऱ्या कुणाला कळत असेल असं वाटत नाही. एकदा एका आईने माझ्यासमोर मुलाचं दप्तर गाडीत ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं आणि शेवटी माझ्या हातात दिलं. म्हणाली, "बाई, तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. तिथं भिजंल." ते दप्तर मी चैतापर्यंत शाळेच्या कपाटात ठेवलं. पोरगं परत आलं ते पुढच्या वर्षी. तेव्हा त्याला ते लहान झालं होतं.

असो. विषय विमानाचा आहे.

सत्तरच्या दशकात नाशिकला व्हीआयपीचा कारखाना आला आणि आमच्यासारख्यांच्या घरात ट्रंकेची जागा कडक कवचाच्या सुटकेसने घेतली. लग्नात मुलीला सुटकेस देणं प्रतिष्ठेचं झालं. माझी मरून रंगाची होती. तिला चाकं नव्हती. माणूस चंद्रावर १९६९ ला गेला आणि सामानाला चाकं लावायचं त्याला त्यानंतर सुचलं, हे वाचून मला फार हसू आलं होतं. बर्नार्ड सॅडो नावाच्या अमेरिकन माणसाला १९७० मध्ये ते सुचलं, १९७२ ला त्याला पेटंट मिळालं. पण त्याची बॅग आडवी होती, पट्ट्याने कुत्र्यासारखी ओढायची. आज आपण जी उभी, दांडा वर ओढून नेतो, ती १९८७ मध्ये रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने काढली. आधी वैमानिक आणि हवाईसुंदऱ्या ती वापरत, मग प्रवाशांनी पाहिली. आपल्या तारकपूर स्टँडवर ती दिसायला लागली त्याला मात्र बराच काळ गेला, आणि स्टँडवरच्या खड्ड्यांत ती अजूनही उचलूनच न्यावी लागते.

आता सोसायटी. आपण इथे सावेडीत राहायला आलो ते २००० साली. तेव्हा छत्तीस फ्लॅटमध्ये मिळून पासपोर्ट किती होते, हे मी आता घरोघर विचारून काढलं. तीन. त्यातला एक कधी वापरलाच गेला नव्हता. मग मुलं पुण्याला शिकायला गेली, हिंजवडीला लागली, तिथून बंगळूर, हैदराबाद. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली, २००६ ला इंडिगो आली आणि विमानाचं तिकीट एसी डब्याच्या जवळपास येऊ लागलं. क-२ मधल्या काका-काकूंनी २००७ मध्ये बंगळूरला जाऊन सोसायटीतला पहिला 'सहकुटुंब' विमानप्रवास केला. निघताना आपण सगळे गेटपर्यंत सोडायला गेलो होतो आणि कुणीतरी नारळ फोडला होता, आठवतं का? काकूंनी नेलेला खाऊ म्हणजे तीन स्टीलचे डबे, एक पितळी डबा आणि बरणीभर लिंबाचं लोणचं. पुण्याच्या काउंटरवर वजन जास्त भरलं, तिथेच फरशीवर बॅगा उघडून बसावं लागलं, रांगेतले लोक पाहत होते. काकू मला परत आल्यावर म्हणाल्या, "आपली पातळं अशी चारचौघांत उघडी पडली गं. काही चुकलं नसताना चोरासारखं झालं."

त्या एका वाक्यातून काट्याची कल्पना निघाली, फक्त ठराव व्हायला चार वर्षं लागली. सहकार म्हटलं की तेवढं व्हायचंच.

काटा आल्यावर सोसायटीत एक नवीन विद्या सुरू झाली. देशातल्या प्रवासात साधारणपणे हातातली एक बॅग सात किलोपर्यंत, आणि लांबी-रुंदी-उंची मिळून ११५ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे ५५, ३५, २५ अशी धरा. खाली जाणारं सामान पंधरा किलो. कंपनी बदलली की थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून तिकिटावर बघावंच. सात किलोत पहिली चोरी बॅगच करते. चांगली मजबूत चाकाची बॅग रिकामीच अडीच-तीन किलो. म्हणजे आपल्या वाट्याला उरले चार. या चार किलोंचा संसार आपल्या सोसायटीतल्या बायकांनी इतक्या हुशारीने केला आहे की त्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी होती.

डबे गेले, प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. पितळी डब्यातला लाडू आणि पिशवीतला लाडू चवीला सारखाच, फक्त चुरा थोडा जास्त. काठापदराच्या साड्या कमी झाल्या, कारण एक जरीची साडी म्हणजे दोन सुती. जड बूट पायात, स्वेटर अंगात, पुस्तक हातात. जड वस्तू चाकांकडे खाली, नाहीतर बॅग उभी केली की सगळं घसरून तळाशी चिखल. बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत चार्जर. हवा काढून चपट्या करायच्या पिशव्या ब-९ ने आणल्या, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता जिंकलो. पण त्या जागा वाचवतात, वजन नाही. जागा उरली म्हणून आणखी कपडे कोंबले आणि काटा साडेनऊवर गेला. तो प्रयोग तिथेच थांबला.

सगळ्यात मोठा शोध माझ्या सुनेने लावला, असं तिचं म्हणणं. कपड्यांची घडी घालायची नाही, गुंडाळून ठेवायचे. सुरकुत्या कमी, जागा कमी, आणि बॅग उघडली की सगळं वरून दिसतं, शोधायला उपसावं लागत नाही. तिने मोबाइलवर एका परदेशी बाईचा व्हिडिओ दाखवला. मी बघितलं आणि म्हटलं, "अगं, ही तर वळकटी." माझ्या आईने जन्मभर हेच केलं. सतरंजीत चादर, चादरीत कपडे, मधे फणी-करंडा, आणि वर सुंभाची गाठ. वारीला जाणारी माणसं अजून हेच करतात. तेच वळण आता साता समुद्रापलीकडून 'रोलिंग' होऊन परत आलं. सून हसली, पण तिने माझ्याकडून सुंभाची गाठ मात्र शिकून घेतली नाही.

एक काळी गोष्टही नोंदवायला हवी. २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर धारदार वस्तूंवर कडक नजर आली. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट उघडकीला आला आणि परदेशी प्रवासात हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली नको, असा नियम आला. तूप, श्रीखंड, ठेचा ही आपली पक्वान्नं सुद्धा त्यात मोडतात हे समजायला आपल्याला काही बाटल्या गमवाव्या लागल्या. आम्ही गमावला तो अडकित्ता. सासूबाईंचा, पितळी, मोराच्या आकाराचा, त्यांच्या आईकडून आलेला. त्यांच्या बटव्यात तो कायम असायचा, त्यामुळे तो 'सामान' आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. एका विमानतळावर तपासणीत निघाला. जवान बिचारा सौजन्याने म्हणाला की परत जाऊन मोठ्या बॅगेत टाका. मोठी बॅग तोवर गेली होती, विमानाची वेळ झाली होती. सासूबाईंनी तो काचेच्या पेटीत स्वतःच्या हाताने ठेवला. पुढचे आठ दिवस त्या मुलाकडे सुपारी खाल्ल्याशिवाय राहिल्या. त्यांच्या नंतर दागिन्यांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा माझ्या नणंदेने पहिली विचारली ती तीच वस्तू. मी खरं ते सांगितलं. तिचा विश्वास बसला असं मला अजून वाटत नाही.

आता ज्या रात्रीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती सांगते. सप्टेंबर २०१३. धाकटा हैदराबादला नोकरीला होता. रात्री साडेदहाला त्याच्या मित्राचा फोन आला, डेंग्यू आहे, प्लेटलेट फार खाली गेल्यात, अतिदक्षता विभागात हलवतोय, तुम्ही या. ह्यांना तेव्हा नुकतीच बायपास होऊन तीन महिने झाले होते. मी एकटीच जाणार हे उघड होतं, आणि मी एकटी कधी विमानात बसले नव्हते. अ-६ मधल्या मुलाने त्याच्या लॅपटॉपवर पहाटे साडेसहाच्या विमानाचं तिकीट काढलं. ब-४ चे काका गाडीत पेट्रोल भरून आले. आणि अ-६ ची सून, जी तेव्हा इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि जिच्याशी माझं वाळवणाच्या जागेवरून बोलणं बंद होतं, ती स्वतःची निळी बॅग रिकामी करून घेऊन वर आली.

मी तोवर पलंगावर डोंगर केला होता. मेतकूट, तूप, मऊभाताचे तांदूळ, त्याचे लहानपणचे दोन टॉवेल, देवघरातली विभूती, थर्मास आणि आईची गोधडी. ती काहीच बोलली नाही. तिने आधी एक प्लास्टिकची फाइल मागितली. त्यात माझं ओळखपत्र, तिकिटाचा कागद, त्याच्या विम्याची झेरॉक्स, बँकेचं पुस्तक, कोरे चेक, ह्यांच्या सहीचा एक कागद, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात तीन फोन नंबर, कारण मोबाइल बंद पडतो. ही फाइल बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. मग माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, आठ दिवसांच्या, मूळ पाकिटासकट. मग चार सुती साड्या गुंडाळून. चप्पल. चार्जर. खाण्याचं म्हणून दशम्या आणि गुळाचा खडा. "काकू, खाली सामान द्यायचंच नाही," ती म्हणाली. "पट्ट्यापाशी अर्धा तास उभं राहावं लागतं. आणि बॅग नाही आली तर गोळ्याही नाहीत, कागदही नाहीत. जे लागणारच आहे ते हातात. बाकी तिथं मिळतं." तूप काढलं, थर्मास काढला, तांदूळ काढले. खालून काटा आणला. सहा किलो नऊशे. तिने गोधडी उचलली, काट्याला लावली. पावणेदोन किलो. माझ्याकडे पाहिलं आणि ती पलंगावर परत ठेवली.

रात्री दीडला निघालो. शिरूरपर्यंत मी रडले, पुढे थकले. हैदराबादला उतरल्यावर मी सगळ्यांच्या आधी सरळ बाहेर पडले आणि रुग्णालयात पोचले तेव्हा रक्तासाठी कागदांवर सही हवी म्हणून त्याचा मित्र माझीच वाट बघत होता. विम्याची झेरॉक्स पहिल्या पाच मिनिटांत लागली. धाकटा वाचला. आज तो हा लेख टाइप करून देतोय, म्हणून पुढचं वाक्य लिहिताना मला अवघड होतंय. तिसऱ्या दिवशी तो जरा बोलू लागला तेव्हा एसीत कुडकुडत म्हणाला, "आई, गोधडी आणलीस?"

मी म्हटलं, वजनात बसली नाही.

अ-६ ला मी हे कधी सांगितलं नाही. तिने जे केलं ते बरोबरच होतं, आणि आल्यावर मी वाळवणाची जागा तिला देऊन टाकली. पण सहा वर्षांनी, २०१९ मध्ये, मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाले तेव्हा गोधडी मी हट्टाने खांद्यावर टाकून घेतली, दंड भरीन पण नेईन म्हणून. काउंटरवरच्या मुलीला मी भीतभीत विचारलं, हिचं वजन वेगळं करायचं का? ती म्हणाली, "आजी, पांघरूण चालतं की. पर्स, पांघरूण, काठी, छत्री, वाचायचं पुस्तक, हे बॅगेत धरत नाहीत." घरी आल्यावर मी नियम शोधून वाचला. हातातली बॅग एकच, पण बायकांची पर्स, ओव्हरकोट किंवा शाल, पांघरूण, वाचायला पुस्तक, छत्री किंवा काठी, लहान बाळाचं खाणं, या वस्तू त्याखेरीज. नियम नवा नाही, २०१३ लाही तो होता. आम्ही काटा घेतला, नियमाचा कागद कुणीच वाचला नाही. हल्ली काही कंपन्या याबाबत कडक आहेत असं ऐकते, म्हणून आधी विचारून घ्यावं. पण विचारावं.

बाकीच्या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत. १ ऑक्टोबर २०१७ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डीच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि विमान आपल्याच जिल्ह्यात, कोपरगाव तालुक्यातल्या काकडीच्या माळावर उतरू लागलं. जिथे शेळ्या चरायच्या तिथे आता चाकांच्या बॅगा. आपले पाहुणे दर्शन करून परतताना प्रसादाबरोबर सुकं खोबरं बॅगेत टाकतात आणि तपासणीत अडतात. सुक्या खोबऱ्यात तेल फार, ते पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानात चालत नाही. काडेपेटी आणि लायटरही नाही. मोबाइलच्या पॉवर बँकेचं मात्र उलटं. ती खालच्या सामानात चालत नाही, हातातच हवी, कारण ती पेटली तर निदान कुणाच्या तरी डोळ्यांसमोर पेटेल. अमेरिकेला जाणाऱ्यांनी गोडा मसाला मोठ्या बॅगेत टाकावा. हातातली पूड ३५० मिलिलिटरच्या डब्यापेक्षा जास्त असली की २०१८ पासून ती वेगळी तपासतात, आणि आपला मसाला परक्या माणसाने हुंगून शिंकलेला आपल्यालाच बघवत नाही.

तीन पासपोर्टांपासून सुरू झालेल्या या सोसायटीत आज एकही जिना असा नाही की ज्यावर एखाद्या घराचं मूल परदेशात नाही. कोपऱ्यातल्या काट्याने आतापर्यंत बाळंतविडे तोलले, लग्नाचे शालू तोलले, करोनानंतर पहिल्यांदा भेटायला निघालेल्या क-२ च्या काकूंचं सामान तोललं. त्या वेळी काका नव्हते, म्हणून त्यांची बॅग भरायला आम्ही चौघी गेलो होतो. त्यांनी काकांचा एक सदरा मधोमध गुंडाळून ठेवला होता. साडेसात भरत होतं. आम्ही चिवडा काढला.

काट्याची स्प्रिंग आता ढिली झाली आहे, दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो. येत्या सभेत नवीन, आकडे दाखवणारा काटा घ्यावा अशी सूचना मी मांडणार आहे. अनुमोदक म्हणून अ-६ ने होकार दिला आहे. तोवर जुना वापरताना दोनशे वजा करावेत, आणि नेल्यावर वॉचमनच्या वहीत नाव लिहावं. सध्या तो क-७ मध्ये आहे. शनिवारी त्यांची मंडळी निघाली की मला लागणार आहे.